‘महत्त्वाकांक्षा’ : रॉसचा शब्द

१

‘मॅक्बेथ’विषयी मराठीत जे लिहिले आणि शिकवले जाते, त्यातील बराचसा भाग दोन सूत्रांवर उभा आहे. पहिले सूत्र असे, की ही महत्त्वाकांक्षेची शोकांतिका आहे : एक शूर आणि राजनिष्ठ सरदार राज्यलोभाने भ्रष्ट होतो व क्रमाने नाश पावतो. दुसरे सूत्र असे, की हे नाटक आभास आणि वास्तव यांच्या द्वंद्वाचे आहे : सुंदर दिसते ते कुरूप निघते, स्मितामागे शस्त्र असते, आणि दिसण्याला भुललेली माणसे बळी पडतात. परीक्षेतील प्रश्न या दोन सूत्रांवर निघतात, मार्गदर्शक पुस्तिकांतील उत्तरे त्यांवरच बेतलेली असतात, आणि पुढे तीच उत्तरे थोडी भारदस्त परिभाषा लेवून चर्चासत्रांतील निबंधांत अवतरतात.

या दोन सूत्रांची सोयरीक मोठी सोयीची आहे. आत महत्त्वाकांक्षा आणि बाहेर मुखवटा, अशी मांडणी केली की नाटकाचा सगळा पसारा एका माणसाच्या अंतरंगात आणि त्याच्या चेहऱ्यावर आटोपतो. स्कॉटलंड नावाचे राज्य, तेथील उत्तराधिकाराची रीत, सरदारमंडळ, त्या मंडळाची भाषा आणि त्याचे मौन हे सारे मग नेपथ्यापुरते उरते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या आटोपण्याला आहे. ही सूत्रे निव्वळ अपुरी असती, तर त्यांना एखादी पुरवणी जोडून भागले असते. पण ती केवळ समीक्षकांची सूत्रे नव्हेत; नाटकातच ती कोणीतरी, विशिष्ट प्रसंगी, विशिष्ट सोयीसाठी उच्चारलेली आहेत. डंकनच्या हत्येचे कारण म्हणून ‘महत्त्वाकांक्षा’ हा शब्द या संहितेत जो मनुष्य वापरतो, तो निरपराध आरोपींविषयी बोलत असतो, आणि बोलणे संपताच खऱ्या खुन्याच्या राज्याभिषेकाला निघून जातो. त्याचे नाव रॉस. समीक्षेने ज्याला नाटकाचा आशय मानले, ते नाटकात एका दरबारी माणसाने पत्करलेले स्पष्टीकरण आहे.

२

हे सूत्र मराठीत इतके घट्ट का रुजले, याचा थोडा शोध घेणे आवश्यक आहे. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे मराठी रूपांतर १८८३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला ‘विकारविलसित’ असे नाव दिले. हे नाव एका कालखंडाच्या आकलनाची खूण आहे. शेक्सपिअरची शोकात्मिका म्हणजे मनोविकारांचा विलास, ही धारणा त्यात स्वच्छ उमटली आहे. षड्रिपूंच्या कल्पनेवर वाढलेल्या वाचकाला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. ऑथेल्लोच्या वाट्याला मत्सर आला, लिअरच्या वाट्याला मद आणि क्रोध आले, आणि मॅक्बेथच्या वाट्याला लोभ. पुढे ए. सी. ब्रॅडली यांची १९०४ साली प्रसिद्ध झालेली व्याख्याने विद्यापीठीय अध्यापनाचा आधार बनली आणि ‘शोकात्म दोष’ ही संकल्पना वर्गावर्गांतून फिरू लागली. अ‍ॅरिस्टॉटलचा मूळ शब्द प्रमादाकडे, लक्ष्य चुकण्याकडे निर्देश करतो. अध्यापनात त्याचा स्वभावदोष झाला, आणि स्वभावदोषाचा रिपू होण्यास फारसा वेळ लागला नाही. ब्रॅडली आणि षड्रिपू यांच्या या संकरातून जे निघाले ते ‘अति तेथे माती’ या म्हणीहून फार निराळे नाही. ती म्हण शहाणपणाची असेल. पण ती समजण्यासाठी पाच अंकांचे नाटक कोणी वाचावे?

‘महत्त्वाकांक्षा’ या प्रतिशब्दानेही आपले काम केले आहे. ज्या लॅटिन शब्दापासून इंग्रजी शब्द आला, त्याचा अर्थ अधिकारपदासाठी मते मागत फिरणे असा होता. त्या शब्दात मनातल्या इच्छेपेक्षा चौकातली हालचाल अधिक होती. शेक्सपिअरच्या काळात त्याला निंदेची छटा होती, आणि राजकारणात तो बहुधा दुसऱ्यावर ठेवायचा आरोप म्हणून वापरला जाई. मराठीतील ‘महत्त्वाकांक्षा’ मात्र आज सत्कारसमारंभांत आणि परिचयपत्रांत मिरवणारा शब्द आहे. महत्त्वाकांक्षी मुलाचा पालकांना अभिमान वाटतो. त्यामुळे ‘मॅक्बेथ’विषयी लिहिताना मराठी समीक्षकाला त्या शब्दाआधी ‘अमर्याद’, ‘राक्षसी’, ‘भ्रष्ट’ अशी विशेषणे लावावी लागतात, आणि मग नैतिक निर्णयाचा सारा भार त्या विशेषणांवरच पडतो. आकांक्षा चांगली, तिचा अतिरेक वाईट. हा अतिरेक कोठे सुरू होतो, तो कोणी ठरवायचा, आणि ज्या व्यवस्थेत शत्रूला उभे चिरणाऱ्याला पदव्या मिळतात तिथे मर्यादा म्हणजे नेमके काय, हे प्रश्न विशेषणाखाली गाडले जातात.

मराठी रंगभूमीवरील रूपांतरकारांनी हा मोह टाळलेला दिसतो, हे जाता जाता नोंदवायला हवे. शि. म. परांजपे यांनी १८९८ साली आपल्या रूपांतराला नायकाचे नाव दिले, ‘मानाजीराव’. शिरवाडकरांनी १९५४ साली ‘राजमुकुट’ असे नाव दिले. त्यांनी विकाराऐवजी वस्तूवर बोट ठेवले : एका मस्तकावरून दुसऱ्या मस्तकावर जाणाऱ्या, आणि म्हणून अनेकांच्या हातांतून जाणाऱ्या वस्तूवर. समीक्षेच्या सूत्रापेक्षा हे शीर्षक संहितेच्या अधिक निकट आहे.

३

प्रत्यक्ष संहितेकडे वळले की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती या शब्दाची दुर्मिळता. रक्त, भय, निद्रा, रात्र, हात हे शब्द या नाटकात पुन्हा पुन्हा येतात. ‘महत्त्वाकांक्षा’ हे नाम अवघे ३ वेळा येते, आणि तीनही स्थळे तपासण्याजोगी आहेत.

पहिले स्थळ पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात आहे. पतीचे पत्र वाचून लेडी मॅक्बेथ त्याच्या स्वभावाची चिकित्सा करते. त्याला महत्त्वाकांक्षा नाही असे नव्हे, पण तिच्यासोबत जो रोग असावा लागतो तो त्याच्यात नाही, अशी तिची तक्रार आहे. महत्त्वाकांक्षा भ्रष्ट करते, हे तिचे म्हणणे नाही. तिच्या मते महत्त्वाकांक्षा एक गोष्ट आणि भ्रष्टता दुसरी. पहिली त्याच्यापाशी आहे, दुसरी बाहेरून पुरवावी लागणार आहे. भ्रष्ट करणाऱ्या महत्त्वाकांक्षेचे सूत्र येथेच मोडते, आणि ते मोडणारी व्यक्ती मॅक्बेथला सर्वांत जवळून ओळखणारी आहे.

दुसरे स्थळ त्याच अंकाच्या सातव्या प्रवेशातील प्रसिद्ध स्वगताच्या शेवटी येते. समीक्षकांचा सर्वांत मोठा आधार हाच. परंतु येथे मॅक्बेथ काय करतो आहे? डंकन आपला आप्त आहे, राजा आहे, पाहुणा आहे, सौम्यपणे राज्य करणारा आहे, ही हत्येविरुद्धची कारणे तो एकामागून एक मांडतो. दुसऱ्या बाजूच्या पारड्यात टाकायला त्याच्याकडे काही उरत नाही. घोड्याला टाच मारायला काटा नाही. आहे ती फक्त महत्त्वाकांक्षा, आणि ती खोगिरावर चढण्याच्या आवेशात पलीकडे कोसळणाऱ्या स्वारासारखी आहे. येथे हा शब्द प्रेरणेचे नाव म्हणून येत नाही. प्रेरणा अपुरी असल्याची ती कबुली आहे. वाक्यही पुरे होत नाही, तोच लेडी मॅक्बेथ प्रवेश करते, आणि तो तिला सांगतो की हे प्रकरण आता पुढे न्यायचे नाही. म्हणजे ज्या क्षणी तो महत्त्वाकांक्षेचे नाव घेतो त्या क्षणी तो हत्येपासून परावृत्त झालेला असतो. यानंतर त्याला पुन्हा वळवले जाते ते मुकुटाच्या वर्णनाने नव्हे, तर त्याच्या पौरुषाविषयी प्रश्न विचारून. पुरुष म्हणजे काय, यावर त्या दोघांचा जो वाद होतो त्यात हत्येचा निर्णय आहे. त्याला हे पौरुष कोणी शिकवले? पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात जखमी सैनिक मॅक्बेथने शत्रूला बेंबीपासून जबड्यापर्यंत कसे चिरले ते सांगतो, आणि राजा डंकन ते ऐकून आपल्या शूर आप्ताची वाहवा करतो, तेथे याचे उत्तर आहे.

तिसरे स्थळ दुसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात आहे. समीक्षा या प्रवेशावरून सहसा घाईने पुढे जाते. एक वृद्ध आणि रॉस हत्येच्या रात्रीच्या उत्पातांविषयी बोलत आहेत : दिवसा अंधार, घुबडाने मारलेला ससाणा, एकमेकांना खाणारे राजाचे घोडे. (पोरक्या झालेल्या राज्याचे घोडे हवामानाहून अधिक प्रामाणिक साक्षीदार ठरावेत, असा हा तपशील आहे.) तेवढ्यात मॅक्डफ येतो. रॉस विचारतो, हे कृत्य कोणी केले ते कळले का? मॅक्डफचे उत्तर कोरडे आणि सावध आहे : मॅक्बेथने ज्यांना ठार केले त्यांनी. यात सेवकांची नावे नाहीत, दोषाचा उच्चार नाही. आहे ती फक्त मॅक्बेथने पुरावा नाहीसा केल्याची आठवण. रॉस विचारतो, त्यातून त्यांना लाभ कोणता? हा योग्य प्रश्न आहे. मॅक्डफ सांगतो की त्यांना कोणी फितवले होते. राजपुत्र मॅल्कम आणि डोनलबेन पळून गेल्यामुळे संशय त्यांच्यावर गेला आहे. आणि येथे, राजपुत्रांविषयी, रॉस महत्त्वाकांक्षेला उद्देशून उद्गार काढतो : स्वतःच्या जीवनाचा आधारच खाऊन टाकणारी उधळी महत्त्वाकांक्षा! पुढच्याच वाक्यात तो निष्कर्ष काढतो की तसे असेल तर राजपद बहुधा मॅक्बेथकडे जाईल.

या क्रमाचे महत्त्व जेवढे सांगावे तेवढे थोडे आहे. लाभ कोणाचा, हा प्रश्न विचारला गेला होता. त्याचे उत्तर समोर उभे होते. त्या प्रश्नाच्या आणि उत्तराच्या मध्ये ‘महत्त्वाकांक्षा’ हा शब्द आला आणि प्रश्न संपला. शब्दाने काही उलगडले नाही. त्याने शोध थांबवला. मग मॅक्डफ सांगतो की मॅक्बेथची निवड आधीच झाली आहे आणि तो अभिषेकासाठी स्कोनला गेलाही. रॉस विचारतो, तुम्ही स्कोनला जाणार? मॅक्डफ म्हणतो, नाही, मी फाइफला, माझ्या घरी जातो. रॉस म्हणतो, मी मात्र तिकडे जातो. मॅक्डफ निरोप देताना जुनी वस्त्रे नव्यांहून सुखाची वाटू नयेत अशा अर्थाचे काही बोलतो. कॅरोलाइन स्पर्जन यांनी १९३५ साली या नाटकातील अंगाला न बसणाऱ्या वस्त्रांच्या प्रतिमांकडे लक्ष वेधले, तेव्हापासून त्या प्रतिमा मॅक्बेथच्या अंगावर मोजल्या जात आहेत. मॅक्डफच्या बोलण्यातील वस्त्रे मात्र सर्व सरदारांची आहेत.

हत्येसाठी महत्त्वाकांक्षेचे कारण पुढे करणारे पात्र शेक्सपिअरने यापूर्वीही रंगवले होते. १५९९ च्या सुमारास लिहिलेल्या ‘जूलियस सीझर’मध्ये ब्रूटस रोमच्या चौकात सीझरवर हाच एक आरोप ठेवतो, आणि अँटनी तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारून त्याच्या चिंध्या करतो. त्या नाटकात समीक्षकांना शब्दाचे राजकारण दिसते. ‘मॅक्बेथ’मध्ये अँटनी नाही, म्हणून ते दिसेनासे व्हावे, हे वाचनाचे अपयश म्हटले पाहिजे.

४

आता दुसऱ्या सूत्राकडे. आभास फसवतात, असे म्हणताना कोण फसते हे सांगण्याची जबाबदारी येते. डंकन फसतो, हे निर्विवाद. माणसाच्या चेहऱ्यावरून त्याचे मन ओळखण्याची कला अस्तित्वात नाही, अशी खंत तो पहिल्या कॉडॉरविषयी व्यक्त करतो, आणि त्याच क्षणी नवा कॉडॉर रंगमंचावर येतो. ही नाट्यगत उपरोधाची जागा सर्वांनाच दिसते. मात्र डंकननंतर या नाटकात मॅक्बेथविषयी फारसा कोणी फसलेला नाही, ही गोष्ट तितकीशी कोणी नोंदवत नाही.

मुळात मॅक्बेथ मुखवटा सांभाळण्यात कच्चा आहे. त्याचा चेहरा कोणीही वाचावा अशा पुस्तकासारखा आहे, ही पत्नीची चिंता पहिल्याच भेटीत प्रकट होते. मेजवानीच्या प्रवेशात तर तो सगळ्या दरबारापुढे कोलमडतो. हत्या उघडकीस येते त्याच सकाळी मॅक्डफ त्याला सेवकांना का मारलेस असे विचारतो. राजपुत्र तर अर्ध्या तासात ताडतात की येथे हास्यांआड शस्त्रे आहेत, आणि पळ काढतात. बँको त्या सकाळी, सर्वांनी जमून या कृत्याची चौकशी करावी, असा आग्रह धरतो आणि ईश्वराची साक्ष काढतो. ती चौकशी रंगमंचावर कधीच होत नाही. आपल्यापर्यंत पोहोचतो तो तिचा निकाल, रॉस आणि मॅक्डफ यांच्या संभाषणातून. तिसऱ्या अंकाच्या आरंभी बँको एकटाच असताना कबूल करतो की मॅक्बेथने हे पद मिळवण्यासाठी खोटा डाव खेळला असावा अशी त्याला भीती वाटते. पण पुढे काय? चेटकिणींची वाणी मॅक्बेथच्या बाबतीत खरी ठरली, तर आपल्या वंशाच्या बाबतीतही का ठरू नये, अशी आशा. आणि तुतारी वाजताच, गप्प. त्यानंतर तो राजाशी अत्यंत विनयाने बोलतो.

लेनॉक्स याहून बोलका आहे. तिसऱ्या अंकाच्या सहाव्या प्रवेशातील त्याचे भाषण हा उपरोधाचा उत्तम नमुना आहे. मॅक्बेथला मृत डंकनची फार दया आली, राजपुत्रांनी बापाला मारले हे केवढे अघोर, रात्री उशिरा फिरणे माणसाच्या जिवाला बरे नाही. प्रत्येक वाक्य अधिकृत वृत्तान्ताची हुबेहूब नक्कल करते आणि त्याच वेळी तो वृत्तान्त खोटा आहे हे सांगते. याचा अर्थ लेनॉक्सला सर्व कळते. पुढच्याच प्रवेशात मात्र हाच लेनॉक्स मॅक्बेथच्या सेवेत हजर आहे आणि मॅक्डफ इंग्लंडला पळाल्याची बातमी त्याला देतो आहे. त्या बातमीचा परिणाम मॅक्डफच्या वाड्यात दिसतो.

हा आभासांचा विजय नाही. या माणसांना दिसते आहे; दिसलेले बोलायचे कोणत्या शब्दांत, आणि न बोलायचे कोणत्या शब्दांत, हा त्यांचा व्यवहार आहे. आभास आणि वास्तव यांच्या द्वंद्वाची परिभाषा या व्यवहाराला अज्ञानाचे पांघरूण घालते. ‘दिसण्याला भुलले’ असे म्हटले की सरदारमंडळ निर्दोष सुटते.

उलट बाजूने पाहिले तरी सूत्र टिकत नाही. चेटकिणी खोटे बोलत नाहीत. त्यांचे प्रत्येक भाकीत अक्षरशः खरे ठरते. इन्व्हर्नेसच्या गढीजवळची हवा खरोखरच आल्हाददायक आहे आणि तेथे पाकोळ्यांनी खरोखरच घरटी बांधली आहेत. बँकोचे निरीक्षण अचूक आहे. दुसरीकडे नाटकाच्या उत्तरार्धातील दोन मोठी सोंगे मॅल्कमची, म्हणजे न्याय्य वारसाची आहेत. चौथ्या अंकात तो मॅक्डफची परीक्षा घेण्यासाठी स्वतःला सर्व दुर्गुणांचे आगर म्हणवतो, आणि पाचव्या अंकात बर्नम अरण्याच्या फांद्या तोडून सैन्याची संख्या झाकण्याची आज्ञा तोच देतो. सत्याने आभासावर विजय मिळवला असे म्हणणाऱ्यांनी या फांद्यांचे काय करायचे ते सांगावे. त्या परीक्षेच्या प्रवेशात मॅल्कम मॅक्बेथच्या दुर्गुणांची यादी करतो : रक्तपिपासू, विषयासक्त, लोभी, कपटी, फसवा, आततायी, दुष्ट. सर्व पापे त्याच्यात आहेत असेही म्हणतो. महत्त्वाकांक्षेचे नाव मात्र त्या यादीत नाही. जो स्वतः मुकुटासाठी सैन्य घेऊन निघाला आहे त्याने ते टाळावे, यात नवल नाही.

५

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. मॅक्बेथच्या मनात इच्छा होतीच. भाकीत ऐकताच तो दचकतो, ताऱ्यांना आपला उजेड झाकायला सांगतो, आणि हे साहस त्यानेच प्रथम आपल्यापुढे मांडले होते असे त्याची पत्नी सांगते. ही अंतर्गत झीज नाकारून नाटकाला सरदारांच्या संगनमताचा दस्तऐवज बनवणे म्हणजे त्यातील काव्य गमावणे होय. हा आक्षेप मान्य करूनही एक प्रश्न उरतो : ही इच्छा कशाची आहे? मार्लोचा टॅम्बरलेन राजमुकुटाच्या माधुर्याने वेडावलेला आहे. शेक्सपिअरचाच तिसरा रिचर्ड आपल्या डावपेचांची चव घेतो. मॅक्बेथ राजपदाच्या वैभवाचे एकही चित्र रंगवत नाही. त्या पदावर बसून काय करायचे, याची एकही कल्पना त्याला नाही. हे प्रथम स्पष्टपणे लक्षात आणून दिले ते खुद्द ब्रॅडली यांनी : हत्या घडते ती वैभवाच्या ओढीने नव्हे, तर एखादे भीषण कर्तव्य बजवावे तशी, असे त्यांचे निरीक्षण आहे. ब्रॅडलींच्या नावावर ‘शोकात्म दोष’ खपवणाऱ्यांनी हे वाक्य वाचले नसावे. मराठीत ब्रॅडली उद्‌धृत फार होतात, वाचले कमी जातात.

शेक्सपिअरने आपल्या साधनग्रंथात केलेले फेरफारही याच दिशेला बोट दाखवतात. हॉलिन्शेडच्या बखरीत मॅक्बेथला तक्रारीला जागा आहे. जुन्या रिवाजाप्रमाणे वारस अल्पवयीन असल्यास जवळच्या आप्ताचा हक्क पोहोचत असे. डंकनने मॅल्कमला कम्बर्लंडचा राजपुत्र ठरवून तो हक्क बुडवला. त्या बखरीतला डंकन दुबळा राजा आहे, बँको कटात सामील आहे, आणि मॅक्बेथ सुमारे १० वर्षे बरे राज्य करतो. नाटकातून हे सर्व गाळले गेले. कम्बर्लंडची घोषणा राहिली, पण तीमागचा कायदा गेला. बँको निर्दोष झाला, कारण १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स त्याला आपला पूर्वज मानत असे, असा नेहमीचा खुलासा आहे आणि तो खोटा नाही. पण परिणाम असा, की मॅक्बेथच्या कृत्यामागची राजकीय कारणे एकेक करून काढून घेतली गेली आणि त्या रिकाम्या जागेत एक शब्द तेवढा उरला. हा शब्द पोकळ आहे हे मॅक्बेथला त्या अर्धवट वाक्यात कळते. समीक्षेला कळत नाही.

त्या काळाच्या राजकारणाची आठवण येथे अप्रस्तुत नाही. नोव्हेंबर १६०५ मध्ये पार्लमेंट उडवण्याचा कट उघडकीस आला. १६०६ मध्ये हेन्‍री गार्नेट या जेझुइट धर्मगुरूवर खटला चालून त्याला फाशी झाली, आणि द्व्यर्थी बोलून सत्य लपवण्याचा त्याच्यावरचा आरोप लंडनभर गाजला. द्वारपालाच्या प्रवेशातील द्व्यर्थी बोलणाऱ्याचा उल्लेख त्याकडेच निर्देश करतो, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राज्याने द्व्यर्थीपणा हा द्रोह्यांचा अवगुण ठरवला होता. नाटकात तो अवगुण राजनिष्ठांमध्ये सर्वत्र पसरलेला दिसतो. अ‍ॅलन सिनफील्ड यांनी १९८६ मध्ये राजसत्तेच्या वैध आणि अवैध हिंसेतील सीमारेषा हे नाटक कसे डळमळीत करते ते दाखवले. त्याच वर्षी टेरी ईगल्टन यांनी चेटकिणींनाच नाटकाच्या नायिका ठरवले. ईगल्टन यांचे विधान अधिक चटकदार आहे आणि मराठी चर्चासत्रांत तेच अधिक ऐकू येते. परंतु चेटकिणींना सिंहासनावर बसवल्याने सरदार पुन्हा एकदा सुटतात. चेटकिणी निदान राज्याभिषेकाला गेल्या नव्हत्या.

६

रॉस गेला. त्याच्या वाटचालीचा पाठपुरावा केला तर या नाटकाची एक समांतर संहिताच हाती येते. पहिल्या अंकात पहिल्या कॉडॉरच्या द्रोहाची बातमी घेऊन तो येतो आणि ती पदवी मॅक्बेथला देण्यासाठी तोच जातो. मेजवानीत राजाला कोणती दृश्ये दिसली, असा निरागस प्रश्न तोच विचारतो. चौथ्या अंकात तो मॅक्डफच्या पत्नीला भेटतो, काळ कठीण आहे, यापुढे फार बोलण्याचे धाडस होत नाही, असे सांगून निघून जातो. मारेकरी त्यानंतर थोड्याच वेळात पोहोचतात. त्याला काय ठाऊक होते हे संहिता सांगत नाही. पुढच्या प्रवेशात इंग्लंडमध्ये मॅक्डफ त्याला कुटुंबाचे कुशल विचारतो, तेव्हा तो ती सर्व कुशल आहेत, आपण निघालो तेव्हा शांत होती, असे उत्तर देतो. शब्दाने खरे, अर्थाने खोटे. द्वारपालाने नरकाच्या दारात ज्याचे स्वागत केले, तो द्व्यर्थी बोलणारा येथे मित्राच्या वेषात उभा आहे. खरी बातमी तो सांगतो, पण ती मॅल्कमच्या छावणीत, सैन्य निघण्याच्या तयारीत असताना.

एम. एफ. लिबी यांनी १८९३ साली रॉस हा पडद्यामागचा खलनायक असल्याचे प्रतिपादन केले होते, आणि पोलान्स्कीच्या १९७१ च्या चित्रपटात त्याला तिसऱ्या मारेकऱ्याची भूमिका दिली गेली. हे वाचन आकर्षक आहे आणि म्हणूनच सावध राहायला हवे. रॉसला कारस्थानी केले की दोष पुन्हा एका व्यक्तीच्या अंतरंगात जाऊन बसतो. मॅक्बेथच्या जागी रॉस आला, इतकाच फरक. संहितेतील रॉस कारस्थानी असल्याचा पुरावा नाही. तो उपस्थित असतो, एवढाच पुरावा आहे. वारा ओळखणारा, सभ्य, बहुश्रुत, वृद्धांशी आदराने आणि आप्तांशी हळव्या सुरात बोलणारा हा गृहस्थ आहे. महत्त्वाकांक्षेचा निषेध करण्याइतका तो सुसंस्कृत आहे. त्याच्या अंगी स्वतःला महत्त्वाकांक्षा असल्याचे कोणी म्हणू शकणार नाही. सत्तांतर त्याच्यावाचून अडत नाही, पण त्याच्यासारख्यांवाचून ते घडतही नाही. मुकुट घालायला कोणीतरी हजर असावे लागते.

अखेरच्या प्रवेशात तो विजयी पक्षात आहे. तरुण सिवर्डच्या मृत्यूची वार्ता त्याच्या बापाला योग्य त्या गंभीर शब्दांत तोच देतो. मॅल्कम मृत राजाला खाटीक आणि राणीला पिशाचतुल्य म्हणतो, आणि पाच अंकांत प्रेक्षकांनी जे पाहिले त्याचा हा नवा अधिकृत वृत्तान्त कोणीही दुरुस्त करत नाही. पहिल्या अंकात डंकनने सरदारांना जसा मान दिला होता तसाच मॅल्कम देतो : आजपासून ते अर्ल म्हणवले जातील, स्कॉटलंडमधले पहिले. मग तो सर्वांना अभिषेकाचे निमंत्रण देतो. नाटकाचा शेवटचा शब्द त्या ठिकाणाचे नाव आहे, स्कोन. निमंत्रितांत रॉस आहे. तो तेथे या आधी एकदा जाऊन आला आहे.